‘डिस्कस अबाउट’ चूक आणि ‘टॉक अबाउट’ बरोबर, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय : घणसोलीला राहतो, महापेला एका कंपनीत सपोर्टला आहे, शाळा मराठी मीडियमची, टेन्स वगैरे व्यवस्थित येतात पण मेल लिहिला की प्रेपोझिशन हमखास चुकतं आणि टीम लीड लाल करून परत पाठवतो. सोबत लाल झालेली चार वाक्यं दिलीयत. ‘वी डिस्कस्ड अबाउट द इश्यू’, ‘काइंडली एक्स्प्लेन मी द प्रोसेस’, ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’ आणि ‘वी हॅव प्रोव्हायडेड द क्लायंट द लॉग्ज’. आणि विचारलंय की याला काही नियम आहे का, की नुसतं घोकायचं?

मी १८ वर्षं हेच शिकवतेय, आधी ऐरोलीत एका कॉल सेंटरला ट्रेनर होते आणि आता ठाण्यात नौपाड्याला क्लास घेते, आणि प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

नियम आहे. पण आपण तो भलत्याच जागी शोधतो. शाळेत आपला तक्ता पाठ झालेला असतो, ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत, फ्रॉम म्हणजे पासून, आणि तो तक्ता टेबलावरच्या पुस्तकापुरता अगदी बरोबर आहे. पण ‘डिपेंड ऑन’मध्ये काय कशाच्या वर ठेवलंय? व्हर्ब आलं की प्रेपोझिशनचा स्वतःचा अर्थ बराचसा मागे पडतो आणि पुढे काय लागणार, लागणार की नाही, हे ते व्हर्ब ठरवतं. म्हणून ‘इथे ऑन येईल का अबाउट’ असं विचारत बसू नका. ‘या व्हर्बला पुढे काय लागतं’ एवढंच विचारा.

हे पटत नसेल तर मराठीकडे बघा, आपल्याकडे हेच आहे, फक्त आपल्याला ते दिसत नाही कारण आपण त्यातच वाढलो. आपण कुत्र्याला घाबरतो, मित्राशी भांडतो, बसची वाट बघतो, देवावर विश्वास ठेवतो, आणि प्रेमसुद्धा कोणावर तरी करतो पण लग्न मात्र कोणाशी तरी. प्रेमाला ‘वर’ आणि लग्नाला ‘शी’ का, हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगितलेलं नाही आणि कोणाला सांगताही येणार नाही. ऐरोलीला असताना केरळची एक मुलगी माझ्याकडून मराठी शिकत होती, ती एकदा म्हणाली की मॅनेजर माझ्यावर बोलले. मी म्हटलं ‘वर’ नाही. मग तिने विचारलं, माझ्याशी बोलले की मला बोलले? आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ‘सासूबाई माझ्याशी बोलल्या’ आणि ‘सासूबाई मला बोलल्या’, क्रियापद तेच, फक्त ‘शी’च्या जागी ‘ला’ आला आणि गप्पांचं ओरडणं झालं. तसंच ‘आई मला रागावली’ आणि ‘आई माझ्यावर रागावली’. पहिल्यात तिने झापलंय, दुसऱ्यात कदाचित ती दोन दिवस बोललेलीच नाही. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, क्रियापद कानावर पडलं ते त्याच्या प्रत्ययासकटच पडलं. इंग्लिश वाल्यांचंही तसंच होतं, आणि आपलं चुकतं ते याच्यामुळे की आपण इंग्लिश व्हर्ब एकटं पाठ करतो आणि त्याला मागून मराठी प्रत्यय चिकटवतो.

म्हणजे ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’, खरं ‘अँग्री विथ मी’. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’, खरं ‘ही मॅरीड हर’ किंवा ‘ही इज मॅरीड टु हर’. ‘देवावर’ म्हणून ‘बिलीव्ह ऑन गॉड’, खरं ‘बिलीव्ह इन’. ‘ठाण्याला पोचलो’ म्हणून ‘रीच्ड टु ठाणे’, आणि तिथे तर काहीच नको, नुसतं ‘रीच्ड ठाणे’. मात्र त्याच अर्थाचं ‘ॲराइव्ह’ घेतलंत की त्याला प्रेपोझिशन लागतंच, ‘ॲराइव्ह्ड ॲट ठाणे स्टेशन’, ‘ॲराइव्ह्ड इन ठाणे’. अर्थ एक, दोन व्हर्ब्ज, दोघांची रीत वेगळी. तुमच्या पहिल्या वाक्याचं उत्तर इथेच आहे. ‘टॉक’ला ‘अबाउट’ लागतं, ‘डिस्कस’ आपला विषय थेट घेतं, ‘वी डिस्कस्ड द इश्यू’, मधे काही नाही.

आता हा ‘अबाउट’ शिरतो कुठून, ते सांगते, कारण ते कळलं की एकदम आठ-दहा चुका जातात. ‘डिस्कशन अबाउट’ हे बरोबर आहे, ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द इश्यू’ अगदी शुद्ध. नाउनला प्रेपोझिशन लागतं, व्हर्बला लागत नाही, आणि आपण नाउनचं उचलून व्हर्बला लावतो. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ पण ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. ‘ॲन ऑर्डर फॉर टू लॅपटॉप्स’ पण ‘वी ऑर्डर्ड टू लॅपटॉप्स’. ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’ पण ‘ही एम्फसाइज्ड क्वालिटी’. ‘लॅक ऑफ टाइम’ पण ‘वी लॅक टाइम’. ऑफिसच्या मेलमध्ये हीच चार-पाच व्हर्ब्ज सारखी येतात त्यामुळे एवढं जरी सुधारलं तरी लाल रंग निम्मा कमी होईल. ‘कॉन्टॅक्ट’, ‘अप्रोच’, ‘आन्सर’ हीपण त्यातलीच, ‘कॉन्टॅक्ट टु हिम’ नाही, ‘कॉन्टॅक्ट हिम’. ‘एन्टर’चं जरा बघा, खोलीत शिरताना ‘एन्टर द रूम’, पण भाड्याच्या फ्लॅटचं ॲग्रीमेंट करताना ‘एन्टर इन्टु ॲन ॲग्रीमेंट’. आणि ‘अटेंड द मीटिंग’ म्हणजे मीटिंगला हजर राहणं, ‘अटेंड टु द कस्टमर’ म्हणजे त्याच्याकडे लक्ष देणं.

दुसरं वाक्य, ‘एक्स्प्लेन मी’. ही चूक आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांची होते, अगदी कॉन्व्हेंटवाल्यांचीसुद्धा. ‘मला समजाव’, ‘मला सांग’, ‘मला दे’, ‘मला दाखव’, मराठीत सगळीकडे ‘मला’ एकसारखा बसतो, आणि इंग्लिशमध्ये ‘टेल मी’, ‘गिव्ह मी’, ‘शो मी’ चालतात, मग ‘एक्स्प्लेन मी’ का नाही? कारण ‘एक्स्प्लेन’ला लगेच पुढे गोष्ट लागते, माणूस नाही. आधी काय समजवायचं ते, मग ‘टु’ लावून कोणाला. ‘एक्स्प्लेन द प्रोसेस टु मी.’ याच घरातली आणखी व्हर्ब्ज आहेत, ‘सजेस्ट’, ‘मेन्शन’, ‘डिस्क्राइब’, ‘से’. ‘सजेस्ट मी अ गुड हॉटेल’ आपण दिवसातून दहादा ऐकतो, पण ते ‘सजेस्ट अ गुड हॉटेल’ एवढंच, किंवा ‘रेकमेंड अ गुड हॉटेल टु मी’. क्लासमध्ये मी यासाठी एक खेळ घेते, एक जण व्हर्ब बोलतो आणि दुसऱ्याने फक्त हाताने दाखवायचं, पुढे माणूस येणार असेल तर समोरच्याकडे बोट, गोष्ट येणार असेल तर टेबलावरच्या पेनाकडे. टेल, माणूस. से, पेन. एक्स्प्लेन, पेन. इन्फॉर्म, माणूस. तिसऱ्या दिवशी मुलं विचार न करता बोट दाखवायला लागतात, आणि बोट बरोबर गेलं की वाक्य आपोआप बरोबर येतं.

‘इन्फॉर्म’ला पुढे माणूस, म्हणून ‘इन्फॉर्म टु द क्लायंट’ नाही, ‘इन्फॉर्म द क्लायंट अबाउट द डिले’ किंवा ‘ऑफ द डिले’. हाच धागा धरून ‘रॉब’ आणि ‘स्टील’ बघा. लोकलमध्ये पाकीट गेलं तर ‘माय वॉलेट वॉज स्टोलन’, कारण ‘स्टील’ वस्तूला धरतं, आणि ‘रॉब’ माणसाला धरतं, ‘दे रॉब्ड हिम ऑफ हिज वॉलेट’. ‘ब्लेम’ तर दोन्हीकडून चालतं पण प्रेपोझिशन बदलून : ‘दे ब्लेम्ड द व्हेंडर फॉर द डिले’, ‘दे ब्लेम्ड द डिले ऑन द व्हेंडर’. म्हणजे फक्त कोणतं प्रेपोझिशन एवढंच लक्षात ठेवून भागत नाही, व्हर्बच्या लगेच पुढे कोण बसलंय तेही बघायला लागतं.

प्रेपोझिशन गाळलं तर काय होतं याचा एक अनुभव माझ्या डोळ्यासमोरचा आहे. कॉल सेंटरच्या दिवसांत एका मुलाने कॉल संपल्यावर नोंद केली, ‘कस्टमर आस्क्ड द मॅनेजर’. त्याला म्हणायचं होतं की कस्टमरने मॅनेजरशी बोलायची मागणी केली, म्हणजे ‘आस्क्ड फॉर द मॅनेजर’. पुढच्या शिफ्टने वाचलं आणि समजले की याने मॅनेजरला विचारलंय, म्हणजे मॅनेजरचं बोलणं झालंय, मग कशाला परत फोन करायचा. तो माणूस दोन दिवस वाट बघत बसला आणि मग तक्रार फार वर गेली. चूक त्या मुलाची म्हणण्यापेक्षा आम्हा ट्रेनरची होती, आम्ही त्याला ‘आस्क म्हणजे विचारणे’ एवढंच शिकवलं होतं आणि ‘आस्क फॉर म्हणजे मागणे’ हे वेगळं व्हर्ब असल्यासारखं शिकवायला हवं होतं. त्यानंतर मी कुठलंच व्हर्ब एकटं फळ्यावर लिहीत नाही.

प्रेपोझिशन बदललं की अर्थ बदलतो अशा जोड्या भरपूर आहेत आणि त्यांच्यात खरी मजा आहे. क्रिकेटमधलं घ्या. फील्डरने बॉल कीपरकडे दिला तर ‘थ्रू द बॉल टु द कीपर’, स्टम्प्सवर नेम धरून मारला तर ‘थ्रू द बॉल ॲट द स्टम्प्स’. ‘टु’मध्ये पलीकडचा घेणारा आहे, ‘ॲट’मध्ये तो निशाणा आहे. आता हेच ‘शाउट’ला लावा. ‘शी शाउटेड टु मी’, लांबून ऐकू यावं म्हणून हाक मारली. ‘शी शाउटेड ॲट मी’, माझ्यावर ओरडली. आणि मग ‘लाफ ॲट’, ‘स्टेअर ॲट’, ‘पॉइंट ॲट’, ‘एम ॲट’ सगळे एका रांगेत येऊन बसतात. ‘अग्री’ घ्या, माणसाशी किंवा मताशी सहमत असाल तर ‘विथ’, प्रस्तावाला होकार दिलात तर ‘टु’, दोघांनी मिळून काहीतरी ठरवलंत तर ‘ऑन’. ‘रिझल्ट इन’ म्हणजे त्याच्यातून पुढे काय झालं, ‘रिझल्ट फ्रॉम’ म्हणजे ते कशामुळे झालं, आणि हे दोन उलटे झाले तर रिपोर्टमध्ये कारण आणि परिणाम उलटे होतात.

इथे तुमच्या ‘घोकायचं का’ या प्रश्नाकडे येते. एकेक घोकायचं नाही, कारण व्हर्ब्ज घोळक्याने राहतात, आणि एका पॅटर्नच्या व्हर्ब्जचा अर्थही बऱ्याचदा एकमेकांच्या आसपासचा असतो. कोणाला काही करण्यापासून रोखायचं असेल तर ‘फ्रॉम’ : प्रिव्हेंट, स्टॉप, बॅन, डिस्करेज, सगळे ‘समवन फ्रॉम डूइंग समथिंग’. कोणाकडून काही काढून घ्यायचं असेल तर ‘ऑफ’ : रॉब, डिप्राइव्ह, चीट, आणि आजार काढून घेतला तर ‘क्युअर’सुद्धा. काही हवंय, मिळावंसं वाटतंय, तर ‘फॉर’ : आस्क, वेट, लुक, सर्च, होप, अप्लाय. पुरवायचं किंवा भरायचं असेल तर ‘विथ’ : प्रोव्हाइड, सप्लाय, फिल, लोड, इक्विप. कोणाला बोलून बोलून एखाद्या गोष्टीत ओढलं तर ‘इन्टु’ : टॉक, ट्रिक, फोर्स. नवीन व्हर्ब भेटलं की ते यातल्या कुठल्या घोळक्यात जाईल याचा अंदाज करता येतो आणि बऱ्याचदा तो बरोबर निघतो. अपवाद आहेतच, ‘फॉरबिड’ रोखण्याचंच आहे पण त्याला ‘फ्रॉम’पेक्षा ‘टु’ जास्त लागतं, ‘फॉरबिड समवन टु गो’. पण घोळका पक्का असला की अपवाद वेगळा उठून दिसतो आणि लक्षात राहतो.

आणि ही काही माझी युक्ती नाही. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्लिशचे शिक्षक जपानमध्ये शिकवत होते, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेली डिक्शनरी १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने ती काढली, आज आपण जिला ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स म्हणतो ती हीच. तिच्यात व्हर्ब्जचे पॅटर्न नंबर घालून दिले होते, कारण जपानी मुलांनाही आपल्यासारखंच अर्थ कळायचा पण वाक्य जुळायचं नाही. पुढे बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत जॉन सिंक्लेअर यांच्या टीमने लोक खरंच लिहितात-बोलतात ती लाखो वाक्यं कॉम्प्युटरवर गोळा करून १९८७ मध्ये कोबिल्ड डिक्शनरी काढली, आणि तिथल्याच कामातून हे घोळक्याचं स्पष्ट झालं, की पॅटर्न आणि अर्थ बरोबर चालतात.

तिसरं वाक्य, ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअर’. इथे गोंधळ ‘टु’चा आहे, कारण इंग्लिशमध्ये ‘टु’ दोन आहेत. एक ‘वाँट टु गो’मधला, त्याच्यापुढे साधं व्हर्ब. दुसरा खरा प्रेपोझिशन, आणि प्रेपोझिशननंतर व्हर्ब आलं तर आयएनजी लावूनच येतं. कुठला कुठला हे ओळखायचं कसं? व्हर्बच्या जागी एखादं नाउन टाकून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’ बसतं, म्हणजे हा प्रेपोझिशन, म्हणून ‘टु हिअरिंग फ्रॉम यू’. ‘वाँट टु युअर रिप्लाय’ बसत नाही, म्हणजे तो पहिला. ही परीक्षा ‘यूज्ड टु’ला तर फारच कामाला येते. ‘आय यूज्ड टु ट्रॅव्हल बाय लोकल’, म्हणजे पूर्वी लोकलने जायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टु ट्रॅव्हलिंग बाय लोकल’, म्हणजे सवय आहे, गर्दीचं काही वाटत नाही. इंटरव्ह्यूमध्ये हे दोन उलटे झाले तर समोरच्याला कळतच नाही की तुम्ही अजून ट्रान्स-हार्बरने येता की सोडलंत. बाकी ‘इन्सिस्ट ऑन पेइंग’, ‘सक्सीड इन गेटिंग’, ‘ऑब्जेक्ट टु वर्किंग’ सगळे याच नियमात.

एक चूक मात्र तुमच्या चार वाक्यांत नाहीये पण तुम्ही नक्की करत असणार, म्हणून सांगते. ‘व्हॉट आर यू टॉकिंग?’, ‘द पर्सन आय स्पोक’, ‘द बिल्डिंग आय लिव्ह’. शेवटचं प्रेपोझिशन गायब. मराठीत ‘ज्या माणसाशी मी बोललो’, ‘शी’ सुरुवातीलाच लागून गेलेला असतो, त्यामुळे वाक्याच्या शेवटी काही राहिलंय असं आपल्याला वाटतच नाही. इंग्लिशमध्ये नाउन उचलून पुढे नेलं तरी प्रेपोझिशन व्हर्बजवळच थांबतं : ‘द पर्सन आय स्पोक टु’, ‘द बिल्डिंग आय लिव्ह इन’, ‘व्हॉट आर यू टॉकिंग अबाउट?’. पॅसिव्हमध्येही तेच, ‘युअर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इन्टु’. शेवटी प्रेपोझिशन आलं की ते अशुद्ध, असं जुन्या काही मास्तरांनी सांगितलेलं असतं, ते विसरा, बोलण्यात आणि रोजच्या मेलमध्ये हेच सहज आहे.

‘पुट ऑफ’, ‘पिक अप’ वगैरे फ्रेझल व्हर्ब्जमध्ये आज जात नाही, तो वेगळा विषय आहे. फक्त एक खूण, ‘इट’ मधे घुसत असेल तर ते फ्रेझल, ‘पुट इट ऑफ’. घुसत नसेल तर साधं व्हर्ब आणि प्रेपोझिशन, ‘लुक ॲट इट’.

आता करायचं काय. तुमच्या सेंट फोल्डरमधले शेवटचे ५० मेल काढा आणि त्यातली फक्त व्हर्ब्ज एका वहीत उतरवा. सपोर्टच्या कामात तीच ती २०-२५ व्हर्ब्ज फिरून फिरून येतात हे तुमच्याच लक्षात येईल, आणि शिकायची आधी तेवढीच आहेत. प्रत्येक व्हर्ब लर्नर्स डिक्शनरीत बघा, त्यात ठळक अक्षरात ‘एक्स्प्लेन समथिंग टु समबडी’ असा साचा दिलेला असतो, अर्थ वाचून पान बंद करू नका, तो साचा उतरवा आणि त्याखाली स्वतःच्या कामातलं एक खरं वाक्य लिहा. ‘एक्स्प्लेन : आय एक्स्प्लेन्ड द आउटेज टु द क्लायंट.’ ए टू झेड यादी करू नका, वहीची पानं पॅटर्नची करा, एक पान ‘फ्रॉम’चं, एक ‘विथ’चं, एक पान काहीच न लागणाऱ्यांचं. माझी एक विद्यार्थिनी घणसोली ते ठाणे रोज गाडीत उभी राहून अशी पाच वाक्यं फोनमध्ये रेकॉर्ड करायची आणि परत येताना ऐकायची, चार महिन्यांनी तिला ‘डिस्कस अबाउट’ ऐकलं की खटकायला लागलं, जसं आपल्याला ‘बससाठी वाट बघतोय’ खटकतं.

राहिलं चौथं वाक्य, ‘वी हॅव प्रोव्हायडेड द क्लायंट द लॉग्ज’. हे लाल करणं जरा कडक आहे, अमेरिकेत असं लिहिलेलं दिसतं. अमेरिकन आणि ब्रिटिशमध्ये असे फरक आहेत, तिकडे ‘राइट मी’ चालतं, ब्रिटिश ‘राइट टु मी’ म्हणतात, तिकडे ‘प्रोटेस्ट द डिसिजन’, इकडे ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’. पण दोन्हीकडे कोणाला खटकणार नाही असं हवं असेल तर ‘प्रोव्हायडेड द क्लायंट विथ द लॉग्ज’ किंवा ‘प्रोव्हायडेड द लॉग्ज टु द क्लायंट’ लिहा. आणि मला विचाराल तर इथे ‘प्रोव्हाइड’ची गरजच नाही, ‘सेंड’ हे ‘गिव्ह’सारखं आहे, त्याला माणूस आणि गोष्ट दोन्ही थेट चालतात. ‘वी हॅव सेंट द क्लायंट द लॉग्ज.’ हेच पाठवा.